नेलाबाईंच्या कोटाची शिवण

कुमुदिनीताई गुरुवारी अंडंसुद्धा खात नाहीत. इतर वारी खातात, पण केकमधलं, आणि तेही दिसत नसेल तर. अशी बाई ॲमस्टरडॅमजवळच्या डीमन गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मेलेली बदकं ठेवायचे खिसे उलटे करून तपासते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो भांडायला. आपली एक मराठी बाई तिथे चार वर्षं फुकट राबते, असं कानावर आलं होतं. असं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुकानाच्या मॅनेजरसमोर टेबलावर हात आपटून मी कायदा सांगायला लागलो, तेवढ्यात मागच्या खोलीतून मराठीत आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? डच बोलतोय, पण उच्चार डोंबिवलीचा."

मी आत गेलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांचा अंबाडा, मांडीवर मातकट रंगाचा एक जाडाभरडा कोट.

"ताई, तुमची पिळवणूक होतेय."

"होय का? मग हा दिवा जरा जवळ धर. पिळवणूक नीट दिसेल."

मी दिवा धरला. अर्धा तास धरून उभा होतो. तो अर्धा तास संपला तेव्हा बाजू कुणाची घ्यायची ते मला कळलं होतं, आणि त्या बाजूला माझी गरज नव्हती हेही कळलं होतं.

कुमुदिनीताईंचे वडील नीळकंठराव. भवानी पेठेत त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान. ट्रकच्या ताडपत्र्या, मांडवांचे पडदे आणि खडकीच्या लष्करी लिलावातून येणारे फाटके तंबू. दहा वर्षांची कुमुदिनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरून उभी राहायची. बारावीनंतर मशीनवर बसली ती लग्न होईपर्यंत. नवरा गुरुनाथ इंजिनिअर. नोकरी मिळाली म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तो इथे आला आणि त्याच्या परमिटच्या शेपटाला ही आणि मुलगी सुरुची. मराठी मंडळाच्या गणपतीत बायका एकमेकींना कंपनीचं नाव विचारतात. हिला विचारलं की ही म्हणते, "मी जुने कपडे बघते." समोरची बाई "अच्छा" म्हणून मोदक घ्यायला निघून जाते. माझ्या डोक्यात तिडीक जाते, हिच्या नाही.

दुकानात कपडे वेगळे करायला म्हणून ती जायला लागली. एकदा अमेरिकेहून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात असा एक कोट निघाला. वास इतका की बाकीच्यांनी तो चिमटीत धरून चिंध्यांच्या पेटीत टाकला. हिने तो बाहेर काढला, कारण कापड ओळखीचं होतं. जाड विणीचं, पाणी न शिरू देणारं कॅनव्हास. बापाच्या दुकानाचा वास, फक्त त्यात रक्ताचा वास मिसळलेला. पाठीमागे कमरेच्या वर एवढा मोठा खिसा कशाला, हे तिला कळेना. दोन्ही बाजूंनी उघडा, आतून रबर लावलेलं अस्तर. महिनाभर शोधाशोध करून तिला कळलं, की शिकारी मारलेला पक्षी त्यात टाकतो आणि रक्त विजारीवर ओघळू नये म्हणून ते रबर.

"मग? किळस नाही आली?" मी विचारलं होतं.

"आली ना. पण ज्याने तो खिसा बेतला त्याचा हात बघ की. कोपऱ्यात चार टाके जास्तीचे. ओझं तिथेच येणार, हे त्याला माहीत होतं. त्या माणसाला नमस्कार करायचा का नाही?"

गुरुनाथरावांनी मात्र जाहीर केलं होतं, "तसला कोट घरात आणलास तर मी गॅलरीत झोपेन." तेव्हापासून ती घरी गेली की आधी आंघोळ, मग चहा.

चौकटीच्या एका शाळकरी वहीत तिने सगळं मराठीत लिहून ठेवलंय. उजव्या खांद्यावर कापडाचा दुसरा थर, तो बंदुकीचा दस्ता टेकायला. पाठीवरचा छोटा पट्टा शिकारीचं लायसन अडकवायला. लेबलवर कारखान्याचा पत्ता असतो. अमेरिकन पत्त्यात शहराच्या नावापुढे पाच आकडे असतील तर कोट त्रेसष्टनंतरचा. एकदोन आकडेच असतील तर त्रेचाळीस ते त्रेसष्टच्या मधला. धुण्याच्या सूचनांची पट्टी शिवलेली असेल तर साधारण बाहत्तरनंतरचा. हे तिला कुठल्याही कॉलेजने शिकवलेलं नाही. म्हणूनच मला त्याची किंमत आहे.

एकदा ॲमस्टरडॅमचा एक टकाटक व्यापारी कोट घेऊन आला. म्हणे, शंभर टक्के तिशीच्या दशकातला. हिने डावी कड उलटली, नखाने शिवण ताणली आणि त्याच्या नाकासमोर धरली. शिवणीत पांढऱ्या रिबिनीची दोन सुतं अडकलेली.

"धुण्याची पट्टी तुम्ही कापलीत, की ज्याने तुम्हाला विकला त्याने?"

तो लालबुंद. "मला काही कल्पना नाही, मेव्राव." मेव्राव म्हणजे इकडचं बाईसाहेब.

"मग आता आली," ती म्हणाली आणि कोट घडी करून त्याच्या हातात दिला.

तिचा एक नियम होता. जे बदलता येतं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. चेन बदलता येते, बटणं बदलता येतात, लेबलसुद्धा दुसऱ्या कोटाचं लावता येतं. म्हणून शेवटची साक्ष दोऱ्याची. आतल्या शिवणीतून बोटभर दोरा काढायचा आणि काडीने पेटवायचा. सुताचा असेल तर कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टरचा आक्रसतो आणि टोकाला काळा, टणक मणी धरतो. मणी आला की कोट साठनंतरचा. या एका मण्यावर तिने कित्येक व्यापारी परत पाठवले होते.

आणि याच मण्यावर ती आपटली.

कापेल आन डेन आयसेल या गावात काही म्हातारी माणसं त्रेपन्नच्या महापुराचं छोटं प्रदर्शन भरवत होती. ही माणसं मूळची झेलांडच्या बेटांवरची. त्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला, गावं गेली, वाचलेली कुटुंबं पुढे इकडेतिकडे पांगली. प्रदर्शनाचा नियम एकच, की वस्तू त्या वेळचीच हवी. समितीचा अध्यक्ष आरी, निवृत्त शाळामास्तर. पिटरनेला नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी एक कोट आणला होता. पुरानंतर परदेशातून मदतीचे गठ्ठे आले, त्यांतून हा शिकारीचा कोट वडिलांच्या वाट्याला आला आणि पुढे ते आयुष्यभर तोच घालून बोटीवर जात होते, असं त्यांचं म्हणणं. पण कोटाची चेन होती प्लास्टिकच्या दातांची. आरीमास्तरांना संशय आला. कुणाकडून तरी त्यांना आमच्या ताईंचं नाव कळलं.

ताईंनी मला बरोबर घेतलं. "माझी डच दुकानापुरती आहे. अडलं तर तू बोल. पण भांडू नकोस."

वस्तीच्या सभागृहात लांब टेबल, कॉफीचे थर्मास आणि सातआठ पांढरी डोकी. पिटरनेलाबाई टेबलाच्या टोकाला ताठ बसलेल्या. सगळे त्यांना नेला म्हणत होते. आमच्यासाठी त्या पहिल्या पाच मिनिटांतच नेलाबाई झाल्या.

ताईंनी चेनकडे पाहिलंही नाही. "चेन काय, कुणीही बदलेल," त्या म्हणाल्या, तसा नेलाबाईंचा चेहरा उजळला. लेबल अर्धं फाटलेलं होतं, पण शहराच्या नावापुढे एकच आकडा दिसत होता. म्हणजे त्रेचाळीस ते त्रेसष्ट. मग ताईंनी बगलेजवळच्या शिवणीतून दोरा काढला, बशीत धरला, काडी लावली.

दोरा आक्रसला. टोकाला काळा मणी.

ताईंनी दुसऱ्या बाजूचा दोरा काढला. पुन्हा मणी. मग हळू आवाजात, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "हा कोट साठ ते त्रेसष्टच्या मधला आहे. त्रेपन्नचा नाही."

आरीमास्तरांनी वहीत खूण केली. नेलाबाई म्हणाल्या, "घरातलं सगळं वाहून गेलं होतं. वडिलांचा एक फोटोसुद्धा नाही. मी सहा वर्षांची होते, मेव्राव, पण हा कोट घालून ते दारात उभे राहिले ते मी पाहिलंय."

शेजारची एक बाई त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली, "लहानपणीच्या आठवणी अशाच असतात गं, नेला."

त्यांनी हात काढून घेतला. कोटाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि कॉफी अर्धी सोडून निघून गेल्या.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विषय काढला तर ताई म्हणाल्या, "दोरा खोटं बोलत नाही, राजन." एवढंच.

चार दिवसांनी, बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी कामावर होतो. "आत्ता ये," त्या म्हणाल्या. ताईंनी मला आयुष्यात कधी 'आत्ता' म्हटलेलं नव्हतं. मी सायकल काढली.

ताईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर सुरुचीची सायकलची पिशवी पडलेली. कॅरिअरच्या दोन बाजूंना लोंबते तसली, कॅनव्हासची. एका बाजूची शिवण उसवली होती आणि ताई ती दाभणाने शिवत होत्या. अर्धी शिवून थांबलेल्या.

"मम, इट्स जस्ट अ बॅग," सुरुची म्हणत होती. "व्हाय आर यू क्राइंग?"

"रडत नाहीये. स्वतःला शिव्या देतेय." मग माझ्याकडे वळून, "हे बघ. मी दाभण कुठे घातलंय?"

मी पाहिलं. मला काही कळलं नाही.

"जुन्याच भोकात! नवीन भोक पाडलंच नाही. हात आपोआप जातो. ताडपत्री परत शिवताना नवीन भोक पाडलं की तिथून पाणी गळतं. आमचे अण्णा त्यासाठी हातावर फूटपट्टी मारायचे. जुनं भोक शोधायचं आणि त्यातूनच दोरा काढायचा. काम झालं की बघणाऱ्याला वाटतं, शिवण पहिलीच आहे." त्यांनी पिशवी टेबलावर टाकली. "चेन बदलते, बटणं बदलतात, सगळ्या जगाला मी शिकवते. दोरा बदलत नाही काय? ताडपत्रीवाल्याची पोरगी मी, आणि मला हे सुचू नये? मी त्या बाईला चार लोकांत खोटं पाडलं, राजन."

"प्रदर्शन कधी आहे?"

"शनिवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कापेलला नेलाबाईंच्या दारात. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आता काय राहिलं?"

"माझी चूक राहिली," ताई म्हणाल्या. "कोट परत बघू द्या. नाही दिलात तरी मी शनिवारी येऊन सगळ्यांसमोर सांगणार, की मी पुरतं न बघता बोलले."

नेलाबाईंनी बराच वेळ फटीतून पाहिलं. मग साखळी काढली. कॉफी केली. प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. हा देश असाच आहे, राग असो की लोभ, बिस्किट एकच.

ताईंनी कोट टेबलावर पालथा घातला आणि पाठीमागचा तो पक्ष्यांचा खिसा पूर्ण उलटा केला. रबराचं अस्तर जागोजाग तडकलेलं. त्याच्या मागे, अगदी तळाच्या कोपऱ्यात, जिथे अस्तर एकदा बसलं की ना मशीनचा पाय जातो ना मोठ्या माणसाचा हात, तिथे त्यांनी छोटा आरसा आणि विजेरी धरली.

"राजन, बघ. इथे दोरा वेगळा आहे. जाड. तपकिरी."

चिमट्याने ओढला तर तो पिठासारखा तुटला. बशीत ठेवला. काडी लावली. भस्सकन पेटला, कागद जळाल्याचा वास आला आणि बशीत राखेची एक रेघ राहिली. मणी नाही.

ताईंनी डोळे मिटून घेतले. मग बगलेची शिवण नेलाबाईंपुढे धरली. "आता इथे बघा. हा नवा दोरा बारीक आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ही गडद रेघ दिसते? कापडाचा मूळ रंग आहे तो. इथे आधी जाड दोरा होता, त्याच्याखाली ऊन पोचलं नाही. वर्षानुवर्षं पोचलं नाही. हा कोट दोनदा शिवलाय. एकदा कारखान्यात आणि नंतर पुन्हा, ज्याला कॅनव्हास कळतं अशा हाताने. एकही भोक नवीन नाही. असं काम मी माझ्या वडिलांनंतर पाहिलं नव्हतं. कोणी केलं?"

नेलाबाई खुर्चीत मागे टेकल्या. "आईने," त्या म्हणाल्या. "यान्ना. तिच्या माहेरी बोटींची शिडं शिवायचे." मग थांबून, एकदम वेगाने, "त्रेसष्टच्या हिवाळ्यात. सगळं पाणी गोठलं होतं, वडील दोन महिने घरी. एरवी तो कोट त्यांच्या अंगावरून निघायचाच नाही. आई स्वयंपाकघरात रोज तो मांडीवर घेऊन बसायची, उसवायची, शिवायची. शिडं शिवायचा नवा दोरा आला होता, कधीच कुजत नाही म्हणायचे. मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं, कुठे बटणं लावतेय, कुठे ठिगळ लावतेय."

"आणि चेन?"

"तीही तिनेच. जुनी गंजली होती. मिठाच्या पाण्याने."

ताई माझ्याकडे वळल्या, मराठीत. "त्रेसष्टमध्ये शिवणच्या शिवण कुजलेली होती. नवा कोट दोन-तीन वर्षांत असा कुजतो होय? दहा वर्षं तरी समुद्रावर काढलीत त्याने." मग त्यांनी नेलाबाईंचा हात धरला. "त्रेपन्नचाच आहे असं लेबलवर लिहिलेलं नाही. पण तुम्ही म्हणता त्याच्या विरुद्ध या कोटात आता काहीही नाही, आणि बाजूने पुष्कळ आहे. हे मी कुठेही सांगेन."

त्याच दुपारी समितीची शेवटची बैठक होती. आम्ही तिघं तिथे गेलो. ताई बसल्याच नाहीत. उभ्या राहून, अडखळत, आरीमास्तरांकडे बघत म्हणाल्या, "मागच्या वेळी मी चुकले. या बाई बरोबर होत्या." मग बशी, आरसा, विजेरी, सगळं पुन्हा करून दाखवलं. ज्या बाईंनी हातावर थोपटलं होतं त्यांना मुद्दाम पुढे बोलावून आरशात बघायला लावलं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांकडून चूक कबूल करून घेतली आहे. पण कुणी न मागता, परक्या भाषेत, व्याकरण चुकत असताना कुणी चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती. मला जमलं नसतं, हे लिहून ठेवतो.

आरीमास्तरांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. कोट घेतो. कार्डावर लिहू, अमेरिकन शिकारीचा कोट, मदतीच्या गठ्ठ्यातून आलेला, एकोणीसशे त्रेपन्न."

"आणि खाली लिहा," ताई म्हणाल्या, "पुन्हा शिवला यान्नाने, त्रेसष्टमध्ये."

"मेव्राव, प्रदर्शन त्रेपन्नचं आहे. त्रेसष्टचं तिथे काय काम? उगीच लोकांचा गोंधळ होईल."

माझं टाळकं सणकलं. मी खुर्ची मागे सरकवली, तोंडही उघडलं. ताईंनी माझ्याकडे न बघता माझी बाही खाली ओढली. "बस खाली. हे तुझं भांडण नाही."

ते त्यांचंही नव्हतं. नेलाबाई उठल्या. हळूहळू, टेबलाला धरून.

"आरी, गेल्या आठवड्यात आईच्याच दोऱ्यामुळे तू मला खोटं ठरवलंस. आता त्याच दोऱ्यामुळे मी खरी ठरले. तिचं नाव येत नसेल तर कोट मी परत नेते."

आरीमास्तरांनी कार्ड पुढे ओढलं. मग पेन काढलं. "यान्नाचं आडनाव माहेरचं लिहू की सासरचं?"

"माहेरचं," नेलाबाई आणि ताई एकदमच बोलल्या.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा प्रदर्शन उघडून तासभर झाला होता. एका कोपऱ्यात चिखलाने डागाळलेलं एक घड्याळ, एका बाजूला शाळेची पाटी, मधे तो कोट लाकडी बाहुलीवर. ताई जवळ गेल्या आणि थबकल्या. कोट उलटा घातलेला होता. पाठीचा तडकलेला खिसा, रबर, सगळ्या शिवणी बाहेर.

आरीमास्तर लगबगीने आले. "मी सांगून दमलो. बाहेरची बाजू किती देखणी आहे, कॉलर, बटणं. पण ती ऐकत नाही. तीनदा मी सरळ केला, तीनदा तिने उलटा केला."

नेलाबाई कोटाशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात ताईंनी दिलेला आरसा. समोर एक कुटुंब उभं होतं, आणि त्या बोटाने शिवणीची रेघ दाखवत सांगत होत्या, "इथे बघा. एकही भोक नवीन नाही."